रत्नजडित अंगठी

रत्नजडित अंगठी : पैलू पाडलेले अथवा घोटीव रत्न धातूच्या वळ्यावर कोंदणात पक्के बसवून बोटात घालण्यासाठी तयार केलेला अलंकार. अंगठीचे मुख्य भाग तीन असतात : बोटाभोवती येणारे वळे, रत्न धरून ठेवणारे कोंदण आणि या दोहोंना जोडणारे खांदे. अंगठी दोन प्रकारे तयार होते. पहिल्या प्रकारात ठराविक मापांचे साचे आधी करून त्यांत बसतील असे खडे निवडतात. दुसऱ्या प्रकारात खडा आधी हाती असतो आणि त्याच्या मापाने, घाटाने व गुणधर्मांनुसार अंगठी घडवावी लागते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. असा सुटा खडा पुष्कळदा वडिलोपार्जित, भेट मिळालेला वा प्रवासात विकत घेतलेला असतो व त्याची तंतोतंत जोडी मिळणे जवळजवळ अशक्य असते. सोने चुकले, तर ते वितळवून पुन्हा घडविता येते. तडकलेले वा बदलले गेलेले रत्न मात्र परत मिळत नाही. या कामातील बहुतेक नियम व सावधगिरीचे उपाय या एका गोष्टीतून निर्माण झाले आहेत.

इतिहास : अंगठी हा अत्यंत प्राचीन अलंकार असून प्राचीन ईजिप्तमध्ये भुंग्याच्या आकाराचे कोरीव खडे बसविलेल्या अंगठ्या वापरीत. रोमन लोक कोरीव रत्नांच्या अंगठ्यांचा उपयोग शिक्क्यासारखा करीत. संस्कृतमध्ये अंगठीला अंगुलीयक, ऊर्मिका, मुद्रा, मुद्रिका अशी नावे आहेत; अक्षरे कोरलेल्या अंगठीसाठी अमरकोशात अंगुलिमुद्रा हा वेगळा शब्द आला आहे. मराठीतील मुदी हा शब्द मुद्रेवरूनच आला. अंगठी ही ओळखीची खूण असल्याची कल्पना रामायणातील हनुमंताच्या प्रसंगात, कालिदासाच्या अभिज्ञानशाकुंतलात व विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसात कथानकाचा कणा झालेली दिसते.

रत्नांची पारख हा भारतात स्वतंत्र शास्त्राचा विषय होता. कौटिलीय अर्थशास्त्रात रत्ने आणि सुवर्णकाम यांवरील अधिकाऱ्यांच्या कर्तव्यांचे विवेचन आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) रत्नपरीक्षेवर अध्याय असून बुद्धभट्टाचा रत्नपरीक्षा हा याच विषयावरील स्वतंत्र ग्रंथ होय. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात रत्नांची माहिती आहे, तसेच मेणाची प्रतिकृती करून धातू ओतण्याची रीतही वर्णिली आहे. मेण नाहीसे करून त्याच्या जागी धातू भरण्याचे हेच तत्त्व आजच्या अंगठीच्या ओतकामात वापरतात. मोगल काळात कुंदन पद्धतीचे जडावकाम भरभराटीस आले. धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्याचे रक्षण करणारी जेडची वळी त्या काळात माणिक-पाचूंनी जडविली जात. पेशवाईत शिरपेच, कंठी, चौकडा यांबरोबर जडावाच्या अंगठ्याही सरदारांच्या पोषाखाचा भाग होत्या. उत्कृष्ट वस्तूला साजेशी पार्श्वभूमी मिळाली, की तिला कोंदण लाभले असे मराठीत म्हणतात, तो वाक्‌प्रयोग याच कारागिरीतून आलेला आहे.

रत्नाची तपासणी : अंगठीचा आराखडा काढण्यापूर्वी रत्न कोणते, नैसर्गिक की कृत्रिम व त्यावर कोणते संस्कार झाले आहेत, हे निश्चित करणे आवश्यक असते. बाजारातील नावे पुष्कळदा खनिजवैज्ञानिक नावांशी जुळत नाहीत. उदा., खनिजविज्ञानात पुष्कराज हे टोपॅझ या खनिजाचे नाव असले, तरी भारतीय सराफ पुष्कराज म्हणून बहुधा पिवळा नील म्हणजे पिवळ्या रंगाचे कुरुविंद देतात. गोमेद या नावाने विकला जाणारा खडा बहुधा गार्नेट गटातील हेसोनाइट असतो. नावातील हा फरक केवळ शाब्दिक नाही; टोपॅझ एका दिशेत सहज दुभंगते, कुरुविंद तसे दुभंगत नाही आणि यामुळे दोहोंचे कोंदण वेगवेगळ्या काळजीने करावे लागते.

माणिक आणि नील यांना उष्णता देऊन त्यांचा रंग सुधारण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. हा बदल टिकाऊ असतो. याउलट भेगाळलेल्या माणकात शिसेयुक्त काच भरण्याची रीत धोकादायक ठरते, कारण सोनाराच्या ज्योतीने किंवा लिंबाच्या रसासारख्या सौम्य अम्लानेही ती काच खराब होते. पाचूतील सूक्ष्म भेगा तेलाने वा रेझिनाने भरून झाकतात. निळ्या टोपॅझाचा रंग बहुधा प्रारणाच्या क्रियेने आणलेला असतो. कृत्रिम माणिक तर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हेर्नई यांनी १९०२ मध्ये आपली रीत जाहीर केल्यापासून विपुल प्रमाणात तयार होत आले आहे. यासाठी मौल्यवान खड्याची प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेणे इष्ट असते व ही तपासणी खडा सुटा असतानाच करावी. कोंदणात बसल्यावर खड्याचे वजन व विशिष्ट गुरुत्व काढता येत नाही आणि त्याचा तळ झाकला गेल्यास आतील दोषही नीट दिसत नाहीत. जयपूर येथील रत्नपरीक्षण प्रयोगशाळा (स्थापना १९७२) ही भारतातील या क्षेत्रातील जुनी संस्था होय. मुंबईतही रत्नवैज्ञानिक तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत.

वजन आणि माप : रत्नाचे वजन कॅरटमध्ये देतात. १ मेट्रिक कॅरट म्हणजे २०० मिग्रॅ.; हे मान १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारले. भारतात याबरोबरच रती हे मान चालते आणि त्यामुळे घोटाळा होतो. जुन्या तोळ्याच्या (११.६६४ ग्रॅ.) ९६ गुंजा होत व त्या हिशोबाने एक गुंज म्हणजे एक रती सु. १२१.५ मिग्रॅ. भरते. रत्नबाजारात प्रचलित असलेली रती मात्र सु. १८२ मिग्रॅ. म्हणजे ०.९१ कॅरट धरतात. त्यामुळे ‘पाच रतींचा खडा’ एका मानाने सु. ४.५५ कॅरट, तर दुसऱ्या मानाने सु. ३.०४ कॅरट होतो. पावतीवर वजन नेहमी कॅरटमध्ये किंवा मिलिग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून घ्यावे. कॅरट हा शब्द सोन्याच्या शुद्धतेसाठीही वापरतात. त्या अर्थाने ते वजन नसून २४ भागांपैकी शुद्ध सोन्याचे भाग होत.

वजनावरून आकार कळत नाही, कारण रत्नांची विशिष्ट गुरुत्वे भिन्न असतात. कुरुविंदाचे विशिष्ट गुरुत्व सु. ४, टोपॅझाचे ३.५, पाचूचे २.७ व क्वॉर्ट्‌झाचे २.६५ आहे. म्हणून एकाच वजनाचा पाचू माणकापेक्षा मोठा दिसतो. कोंदणासाठी लांबी, रुंदी व खोली ही तिन्ही मापे मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत घेतात. खोली विशेष महत्त्वाची असते. खड्याचा तळ खोल असल्यास कोंदण उंच करावे लागते, अन्यथा त्याचे टोक बोटाला टोचते. फार उथळ खड्यात प्रकाशाचे पूर्ण आंतरिक परावर्तन होत नाही व मध्यभागी रंगहीन ‘खिडकी’ दिसते; हा दोष कोणत्याही कोंदणाने पूर्णपणे नाहीसा होत नाही. आठ मिमी. लांब व सहा मिमी. रुंद अशा प्रमाणित मापांच्या खड्यांना तयार कोंदणे मिळतात. जुने व हाताने कापलेले खडे मात्र क्वचितच प्रमाणबद्ध असतात. वजन वाचविण्यासाठी ते वाकडे ठेवलेले असतात. अशा खड्यासाठी स्वतंत्र कोंदण घडविणे हाच योग्य मार्ग होय. तयार कोंदणात बसविण्यासाठी खडा घासून घेणे म्हणजे अंगठीसाठी रत्न खर्ची घालणे होय.

कठिनता आणि टिकाऊपणा : अंगठी हा सर्व अलंकारांत अधिक आघात सोसणारा अलंकार आहे. कर्णभूषणे किंवा पदक यांना क्वचितच धक्का लागतो, तर अंगठी दाराच्या कडीवर, भांड्यांवर, लोकलगाडीतील दांड्यावर सतत आपटत असते. हवेतील धुळीत क्वॉर्ट्‌झाचे कण असतात व त्यांची मोस मापश्रेणीतील कठिनता ७ आहे. यापेक्षा मऊ खड्यावर नुसते फडके फिरविले, तरी कालांतराने ओरखडे पडतात. प्रमुख रत्नांची कठिनता पुढीलप्रमाणे आहे : हिरा १०, माणिक व नील ९, लसण्या (क्रिसोबेरिल) ८.५, टोपॅझ ८, पाचू ७.५ ते ८, जांभळा स्फटिक ७, पेरिडॉट ६.५ ते ७, ओपल ५.५ ते ६.५, पिरोजा ५ ते ६, पोवळे ३ ते ४, मोती २.५ ते ४.५.

कठिनता म्हणजे ओरखड्यांना होणारा विरोध. आघात सोसण्याचा गुण म्हणजे चिवटपणा, तो वेगळा असतो. पाचू कठीण असूनही अंतर्गत भेगांमुळे ठिसूळ असतो, तर जेड कठिनतेने कमी असूनही अतिशय चिवट असतो. महाराष्ट्रातील दक्षिण ट्रॅपच्या खडकांत मिळणारी झिओलाइटे, ॲपोफायलाइट व पुण्याजवळील वाघोली येथे सापडणारे गडद निळे कॅव्हन्साइट ही संग्राहकांना प्रिय असलेली सुंदर खनिजे आहेत; परंतु ती मऊ वा भंगुर असल्याने नित्य वापराच्या अंगठीस योग्य नाहीत. त्याच खडकांतील अकीक आणि स्फटिक मात्र अंगठीत चांगले टिकतात.

धातूची निवड : शुद्ध सोने मऊ असल्याने त्यात तांबे, चांदी इ. मिसळतात. २२ कॅरट सोन्यात ९१.६%, १८ कॅरटमध्ये ७५% आणि १४ कॅरटमध्ये सु. ५८.५% शुद्ध सोने असते. महाराष्ट्रात बांगड्या, गळ्यातील दागिने यांसाठी २२ कॅरटची आवड परंपरेने असली, तरी बारीक नख्यांनी धरलेल्या खड्यासाठी १८ कॅरट सोने अधिक सुरक्षित असते. २२ कॅरटच्या नख्या वापराने उघडतात. रुंद पट्टीचे बंद कोंदण असल्यास २२ कॅरट चालू शकते. पांढऱ्या सोन्यात पॅलॅडियम किंवा निकेल असते व त्यावर ऱ्होडियमाचा मुलामा देतात. तो काही काळाने झिजतो व पुन्हा द्यावा लागतो. काहींच्या त्वचेला निकेल सोसत नाही. ९२.५% चांदी स्वस्त असते, पण हवेतील गंधकयुक्त संयुगांमुळे काळवंडते व लवकर झिजते.

धातूच्या रंगाचा रत्नाच्या रंगावर परिणाम होतो. पिवळ्या सोन्याच्या परावर्तनाने माणिक अधिक उबदार व पिवळा नील अधिक गडद भासतो. फिक्या निळ्या खड्याला मात्र तेच परावर्तन हिरवट छटा देते. त्यासाठी कोंदण पांढऱ्या धातूचे व वळे पिवळे अशी जोडणी करतात.

कोंदणाचे प्रकार : (१) बंद कोंदण : खड्याच्या मेखलेभोवती धातूची पातळ पट्टी उभी करून तिचा काठ खड्यावर सर्व बाजूंनी दाबतात. हे सर्वांत सुरक्षित असून पाचू, ओपल, पिरोजा यांस योग्य असते. (२) नखी कोंदण : चार, सहा वा अधिक नख्या मेखलेवर वाकवितात. खड्यात भरपूर प्रकाश शिरतो, पण नख्या कपड्यांत अडकतात. टोकदार खड्यांच्या टोकांवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी नखी देऊन टोकाचे रक्षण करतात. (३) अर्धकोंदण : दोन बाजूंनी पट्टी व दोन बाजू मोकळ्या असतात. (४) बुडीत कोंदण : जाड वळ्यात खड्ड्यासारखे घर कोरून खडा पृष्ठभागाच्या पातळीत बसवितात; बसविताना बराच दाब द्यावा लागत असल्याने ते केवळ माणिक, नील, हिरा अशा कणखर रत्नांस योग्य. (५) कुंदन : घरात लाख भरून, खड्याखाली चकचकीत पत्रा ठेवून, सभोवती अतिशुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या थंड स्थितीतच दाबून एकजीव करतात. यात ज्योतीचा उपयोग खड्याजवळ करावा लागत नाही, हा मोठा गुण होय. तथापि खालच्या पत्र्याने खड्याचा खरा रंग व दोष झाकले जातात आणि पाणी शिरल्यास पत्रा काळा पडतो.

कोंदणाचा तळ उघडा असावा की बंद, हा प्रश्न भारतात विशेष महत्त्वाचा ठरतो. फलज्योतिषात सूर्यासाठी माणिक, चंद्रासाठी मोती, मंगळासाठी पोवळे, बुधासाठी पाचू, गुरूसाठी पुष्कराज, शुक्रासाठी हिरा, शनीसाठी नील, राहूसाठी गोमेद व केतूसाठी लसण्या अशी योजना सांगितली असून रत्नाचा स्पर्श त्वचेला व्हावा अशी समजूत आहे. रत्नाच्या अशा प्रभावास वैज्ञानिक आधार नाही; परंतु या समजुतीमुळे मोठ्या संख्येने अंगठ्या उघड्या तळाच्या होतात, ही वस्तुस्थिती आहे. पारदर्शक खड्यास उघडा तळ प्रकाशाच्या दृष्टीनेही सोयीचा असतो. मात्र त्यात साबण व मळ साचतो. मोती व पोवळे यांना घामाचा सतत स्पर्श अपायकारक असतो, कारण ती मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटाची बनलेली असतात.

बोटाचे माप : अंगठीचे माप वळ्याच्या आतील परिघावरून ठरते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा परिघ मिलिमीटरमध्ये देतात, उदा., आतील व्यास १७ मिमी. असल्यास परिघ सु. ५३.४ मिमी. होतो. दुकानांतील क्रमांक देशपरत्वे भिन्न असल्याने क्रमांकाबरोबर मिलिमीटरही नोंदवावेत. कोकण किनारपट्टीच्या उष्ण व दमट हवेत बोटे दिवसभरात फुगतात आणि पहाटे किंवा वातानुकूलित जागेत आकसतात. म्हणून माप वेगवेगळ्या वेळी दोनतीनदा घ्यावे. रुंद वळे अरुंद वळ्यापेक्षा घट्ट बसते, म्हणून ते किंचित सैल ठेवतात. बोटाचे पेर जाड असल्यास अंगठी पेरावरून जेमतेम उतरेल असे माप घेतात. मोठा खडा असलेली अंगठी सैल झाली, तर वजनाने फिरते आणि खडा तळहाताकडे जाऊन आपटतो. वळ्याची तळाकडील जाडी सर्वसाधारणपणे दीड मिमी.हून कमी नसावी. सोने वाचविण्यासाठी ती कमी केल्यास वळे काही वर्षांत झिजून वाकते व वळे वाकले, की कोंदण ढिले होते.

घडणीची प्रक्रिया : हातघडणीत सोने मुशीत वितळवून त्याची कांब करतात. ती ठोकून व पट्टीतून ओढून तार आणि पत्रा काढतात. तार वाकवून वळे, पत्र्याची पट्टी वाकवून कोंदण करतात व टाकणखार लावून डाखाने ते जोडतात. नंतर विरल सल्फ्यूरिक अम्लात बुडवून काळेपणा घालवितात, कानशीने घासून आकार देतात. ओतकामात प्रथम मेणाची प्रतिकृती हाताने कोरतात अथवा संगणकावर आराखडा काढून यंत्राने मेणाची वा रेझिनाची प्रतिकृती थरावर थर देऊन तयार करतात. ही प्रतिकृती प्लॅस्टर व सिलिका यांच्या मिश्रणात पुरून भट्टीत सु. ७००° से.पर्यंत तापवितात, मेण जळून गेल्यावर राहिलेल्या पोकळीत वितळलेले सोने केंद्रोत्सारी प्रेरणेने वा निर्वाताच्या साहाय्याने भरतात. १८ कॅरट सोन्यातील ओतीव वस्तूचे वजन मेणाच्या वजनाच्या सु. १५ ते १६ पट येते. म्हणजे ०.४ ग्रॅ. मेणाची अंगठी सु. ६ ग्रॅ.ची होते. मेणाची प्रतिकृती हाती आली, की तीत खडा ठेवून, ती बोटात घालून उंची, माप व अपेक्षित खर्च तपासता येतो. या टप्प्यावर बदल करणे सोपे व स्वस्त असते. सोने ओतल्यानंतर तसे नसते.

खडा बसविणे हे स्वतंत्र कौशल्य असून ते करणाऱ्या कारागिरास जडिया म्हणतात. डाख, अम्लात बुडविणे व प्राथमिक झिलई ही सर्व कामे आटोपल्यावर मगच खडा बसवितात. जडिया खड्याच्या मेखलेच्या जाडीनुसार घरात खाच पाडतो, खडा सरळ व समपातळीत बसला आहे असे पाहतो आणि समोरासमोरच्या नख्या आळीपाळीने दाबतो. सर्व दाब एका बाजूने आल्यास खडा तडकण्याचा संभव असतो. पुढे वळे लहानमोठे करावयाचे झाले, तर ज्योतीपासून खड्याचे रक्षण करावे लागते. हिरा, माणिक, नील यांना काही प्रमाणात उष्णता सोसते, परंतु पाचू, ओपल, मोती, पोवळे तसेच काच भरलेली माणके आधी काढूनच काम करावे.

खर्चाचा हिशोब : अंगठीच्या किंमतीत धातूची किंमत, घडणावळ, खडा बसविण्याची मजुरी, मुद्रांकनाचा आकार व कर हे घटक येतात. घडणावळ काही ठिकाणी ग्रॅमवर, काही ठिकाणी सोन्याच्या किंमतीच्या शेकडेवारीने आणि स्वतंत्र आराखड्याच्या कामात पुष्कळदा एकठोक आकारतात. कामात उडणाऱ्या सोन्याला घट म्हणतात; ती वेगळी धरली जाणार की घडणावळीत समाविष्ट आहे, हे आधी ठरवावे. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे एकूण वजन व निव्वळ वजन यांतील भेद. समजा, अंगठी खड्यासह ६.८ ग्रॅ. भरली आणि खडा ४ कॅरटचा म्हणजे ०.८ ग्रॅ.चा आहे, तर सोने ६ ग्रॅ. व ते १८ कॅरटचे असल्यास शुद्ध सोने ४.५ ग्रॅ. होते. खडा ग्राहकाचाच असताना त्याचे वजन सोन्यात धरले गेले, तर सोन्याच्या किंमतीत सु. १३% वाढ होते. म्हणून रिकामी अंगठी व सुटा खडा यांची वजने जडण्यापूर्वी वेगवेगळी करून लिहावीत.

शुद्धतेची हमी : पूर्वी सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर पाहत. भारतीय मानक संस्थेने (भारतीय मानक ब्यूरो) सोन्याच्या दागिन्यांसाठी मुद्रांकनाची योजना २००० मध्ये सुरू केली. १६ जून २०२१ पासून ती देशातील अनेक जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्याच वर्षाच्या जुलैपासून प्रत्येक दागिन्यास अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा स्वतंत्र ओळखक्रमांक देण्यात येऊ लागला आणि १ एप्रिल २०२३ पासून अशा क्रमांकाशिवाय मुद्रांकित दागिने विकण्यास मनाई झाली. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या वस्तू तसेच कुंदन, पोलकी व जडाव प्रकारचे दागिने यांना सक्तीतून सूट आहे. मुद्रांकित दागिन्याची शुद्धता कमी आढळल्यास तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद नियमांत आहे. मुद्रांकन धातूची हमी देते, रत्नाची नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

खड्याची सुपूर्दगी आणि कायदा : कारागिराकडे खडा दिला, तरी मालकी ग्राहकाकडेच राहते. हा व्यवहार भारतीय संविदा अधिनियम, १८७२ यातील निक्षेपाच्या तरतुदींखाली (कलम १४८ व पुढील) येतो. कलम १५१ नुसार सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी वस्तू स्वीकारणाऱ्याने घेतली पाहिजे. ठरल्या वेळी वस्तू परत न केल्यास त्यानंतरच्या हानीची जबाबदारी त्याच्यावर येते (कलम १६१). त्याचबरोबर कारागिराच्या श्रमालाही संरक्षण आहे. कलम १७० खाली दिलेल्या उदाहरणात जवाहिऱ्याकडे पैलू पाडण्यासाठी दिलेला कच्चा हिरा घेतला असून, काम पूर्ण केल्यावर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा अडवून ठेवण्याचा हक्क जवाहिऱ्यास असल्याचे म्हटले आहे. दोन्ही बाजूंचे हक्क स्पष्ट असले, तरी नेमका कोणता खडा दिला होता, हे सिद्ध करणे वादाच्या वेळी अवघड जाते. यासाठी सुपूर्दगीच्या पावतीत खड्याचे नाव, कॅरटमधील वजन, तिन्ही मापे, घाट, रंग, प्रयोगशाळेच्या अहवालाचा क्रमांक, आधीपासून असलेल्या टवक्यांची नोंद, ठरलेली किंमत व परतीची तारीख हा तपशील असावा. भिंगातून घेतलेले छायाचित्रही उपयोगी पडते. खड्यातील सूक्ष्म कण व भेगा यांची रचना ठशासारखी प्रत्येक खड्यात वेगळी असते. खडा बसविताना तडकल्यास जबाबदारी कोणाची, हेही आधीच लिहून घ्यावे. नाजूक खड्याची जोखीम बहुतेक कारागीर स्वीकारीत नाहीत व तसे त्यांनी आरंभीच स्पष्ट सांगणे हे प्रामाणिकपणाचेच लक्षण होय.

महाराष्ट्रातील व्यवसाय : महाराष्ट्रात सोनारकाम पिढीजात व्यवसाय म्हणून चालत आले असून पुणे, नासिक, कोल्हापूर, सांगली, जळगाव येथील सराफ पेठा प्रसिद्ध आहेत. १९६३ च्या सुवर्णनियंत्रण नियमांनी १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली, तेव्हा असंख्य सोनार बेकार झाले. ही मर्यादा १९६६ मध्ये उठली. त्यानंतरचा १९६८ चा सुवर्ण (नियंत्रण) अधिनियम १९९० मध्ये रद्द झाला. मुंबईतील मुंबादेवी मंदिरानजीकचा झवेरी बाजार हे या व्यवसायाचे प्रमुख केंद्र होय. तेथील लहान कारखान्यांत बंगाली कारागीर मोठ्या संख्येने काम करतात. अंधेरी येथे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात पुढे जडावाच्या दागिन्यांचे आधुनिक कारखाने उभे राहिले. रंगीत रत्ने कापण्याचे काम मात्र मुख्यत्वे जयपूरला होते.

मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकली, तशी सराफी दुकानेही उपनगरांत गेली. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर (महानगरपालिका २००२) हे अशा वाढीचे ठळक उदाहरण असून मीरा रोड पूर्वेकडील सिल्व्हर पार्क यासारख्या दाट वसाहतींतील रहिवासी घरातील एखाद्या खड्याची अंगठी करू लागले, म्हणजे त्यांच्यापुढे दोन मार्ग असतात : जवळच्या पेढीवर काम सोपविणे किंवा पश्चिम रेल्वेने झवेरी बाजार गाठणे. लहान पेढी अनेकदा काम स्वतः करीत नाही. ओतकाम एकाकडे, जडण दुसऱ्याकडे व झिलई तिसऱ्याकडे होते आणि खडा तितक्या हातांतून फिरतो. यात गैर काही नाही. श्रमविभागणीमुळेच काम सफाईदार होते. परंतु पावती देणारी पेढीच अखेरपर्यंत उत्तरदायी राहील, हे ग्राहकाने निश्चित करून घ्यावे. मेणाची प्रतिकृती तयार होईपर्यंत बहुधा खड्याची मापे पुरेशी असतात. त्यामुळे प्रत्यक्ष खडा केवळ प्रतिकृतीशी जुळविण्यासाठी व शेवटी जडणीच्या वेळी देण्याची रीत चांगली. शक्य असल्यास जडण समोर करून घ्यावी. जुन्या पिढीतील गृहिणी सोनाराला घरी बोलावून पडवीत बसवीत व काम डोळ्यांदेखत करून घेत, त्यामागे हाच विचार होता.

निगा : अंगठी हाती आल्यावर ती कानाजवळ धरून हलकेच हलवावी, खडा ढिला असल्यास बारीक आवाज येतो. नख्या बोटाला वा कापडाला अडकू नयेत. कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ ब्रश एवढ्याने बहुतेक रत्ने स्वच्छ होतात. श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या यंत्रात पाचू, ओपल, मोती व भेगा भरलेली रत्ने घालू नयेत. स्वयंपाक, धुणीभांडी, पोहणे व व्यायाम यांच्या वेळी अंगठी काढून ठेवावी. मोत्याची अंगठी इतर दागिन्यांपासून वेगळी, मऊ कापडात ठेवावी. वर्षातून एकदा कोंदण भिंगाखाली तपासून झिजलेल्या नख्यांवर सोने चढवून घ्यावे. योग्य रीतीने घडविलेली व जपलेली अंगठी अनेक पिढ्या टिकते. वळे झिजले, तर ते बदलता येते, कोंदणही नवे करता येते. मूळ खडा मात्र त्यांतून अभंग राहून पुढच्या पिढीच्या हाती जातो.